दुसरा ग्लास

माझे वडील मार्केट यार्डात गुळाचे व्यापारी होते आणि त्यांनी जन्मात कधी दारूला हात लावला नव्हता. मी त्यांची एकुलती एक मुलगी, आणि मी बिअर बनवते. खराडीच्या अलीकडे एका छोट्या ब्रुअरीत गेली नऊ वर्षं नोकरी करते आहे. नातेवाइकांना अण्णा सांगायचे, "ती फूड टेक्नॉलॉजीत आहे." हे खोटं नव्हतं, पदवी त्याचीच होती. कुणी फारच खोदून विचारलं, की म्हणायचे, "आंबवते." ऐकणाऱ्याला इडलीचं पीठ वाटायचं आणि विषय तिथेच मिटायचा.

गुळाची खरी पारख जिभेवर होते. रंगाला भले भले फसतात. पिवळाधमक गूळ दिसला की गिऱ्हाईक खूश, पण अण्णा आधी सुरीच्या टोकानं ढेपेचा खडा काढायचे, जिभेवर ठेवायचे, टाळूला घासायचे आणि थुंकून टाकायचे. मग सांगायचे, ऊस खारवट जमिनीतला आहे, किंवा रस काहिलीत खालून लागला आहे, किंवा ऊस तोडून दोन दिवस पडला होता. सकाळी लिलावाआधी साठ-सत्तर ढेपा चाखायच्या, तर गिळून कसं चालेल? या जिभेपायी त्यांनी आयुष्यात सुपारीचं खांड तोंडात घातलं नाही. लिलावाआधी चहासुद्धा घ्यायचे नाहीत. आई म्हणायची, "बायकोपेक्षा जिभेला जास्त जपलं."

गाळ्यावरचे दोन रिवाज मला लहानपणापासून पाठ होते. पहिला, चांगल्या मालाला तोंडावर चांगलं म्हणायचं नाही. आपण "वा" म्हणायचा अवकाश, बोली वर जाते. म्हणून माल जितका उत्तम, तितकी त्याला नावं ठेवायची. रवा मऊ आहे, ढेप वाकडी आहे, कापड ओलं आहे. आणि माल खरोखरच टाकाऊ असला तर काही न बोलता पुढच्या ढेपेकडे जायचं. दुसरा रिवाज नव्या पारख्यासाठी. नवा माणूस स्वतःला जाणकार म्हणवू लागला, की जुने लोक चांगल्या खड्यांत गुपचूप एक बिघडलेला खडा त्याच्या हातावर ठेवायचे आणि तोंडाकडे बघत राहायचे. त्यानं तोही "चांगला आहे" म्हटला, की त्याची पारख संपली. अण्णांचीही अशी परीक्षा झाली होती आणि ती गोष्ट ते जेवताना रंगवून सांगत.

घरात पहिला रिवाज पक्का लागू होता. मला बारावीला चांगले मार्क पडले तेव्हा ते म्हणाले, "भाषेत कमी आहेत." मी आनंदानं उड्या मारल्या.

पहिली बिअर मी घरी स्टीलच्या थर्मासात नेली होती. आईनं नाकाला पदर लावला. अण्णांनी बराच वेळ थर्मासकडे पाहिलं, मग चूळ भरून आले आणि म्हणाले, "गिळलं नाही म्हणजे प्यायलो नाही. आण इकडे." एक घोट तोंडात घोळवला, बेसिनमध्ये थुंकले. "बिअर केलीस की भांडी विसळलीस? आणि शेवटी जीभ कोरडी का पडते?" मी दुसऱ्या दिवशी कामावर जाऊन सगळी नोंद तपासली. धान्य धुवायचं पाणी जास्त तापलं होतं आणि फोलपटाचा तुरटपणा उतरला होता. ज्या माणसानं बिअर म्हणजे काय हे पन्नास वर्षांत बघितलं नव्हतं, त्यानं एका घोटात ते पकडलं होतं.

तेव्हापासून नवी बिअर झाली की आधी अण्णांकडे जायची. आईनं त्यासाठी एक वेगळा पेला ठेवला आणि तो कधी इतर भांड्यांत मिसळू दिला नाही. नऊ वर्षांत अण्णांनी माझी एकही बिअर चांगली म्हटली नाही. एकदाच बिअरबद्दल काही न बोलता त्यांनी विचारलं, "येताना कोथिंबीर आणलीस का?" तो सगळा घाणा मी ओतून दिला.

दोन पिंपांचं वेड मात्र माझं एकटीचं. बेल्जियममध्ये, फ्लँडर्स भागात, एक लाल आंबट बिअर करतात. ती वर्ष-दीड वर्ष ओकच्या लाकडी पिंपात मुरवायची असते. साध्या यीस्टबरोबर तिच्यात दह्यातल्यासारखे जंतूही असतात, लाकडातून थोडी थोडी हवा आत जाते, आणि बिअर हळूहळू आंबट होत जाते. हवा कमी पडली तर ती मुकी राहते, जास्त झाली तर सरळ व्हिनेगर. म्हणून पिंपातली पातळी उतरली की वरून भर घालावी लागते, न चुकता. मालकाचं डोकं खाऊन मी नाशिककडून रेड वाइनची दोन जुनी पिंपं आणवली. अण्णांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "दीड वर्ष? लोणचं घालतेस का? ठीक आहे, मुरल्यावर आण. बघू कुठे कुठे बिघडवलीस."

पिंपं भरून दोन महिने झाले आणि अण्णांना घास गिळताना दुखू लागलं. जिभेच्या मुळाशी गाठ निघाली. डॉक्टरांनी पहिल्या भेटीत विचारलं, तंबाखू? अण्णा नाही म्हणाले. मिश्री? नाही. गुटखा, पान, सुपारी? तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी त्या डॉक्टरांवर एवढ्या मोठ्यानं ओरडले, की बाहेरची नर्स आत आली. डॉक्टरांची काही चूक नव्हती. ते विचारणारच. पण ज्या माणसानं जिभेसाठी चहा सोडला होता त्याच्याच जिभेला हे व्हावं, याचा राग मला कुणावर तरी काढायचा होता. तो अजून गेलेला नाही.

सात आठवडे रेडिएशन चाललं. शनिवार-रविवार सोडून रोज. मी रजा टाकून रोज त्यांच्याबरोबर जात होते. तोंड आतून सोलून निघालं, लाळ आटली, आणि चव गेली. घरातून मिरची, लिंबू, चिंच, टोमॅटो हद्दपार झाले. डॉक्टर म्हणाले, चव येते परत, पण सगळ्यांची नाही, आणि वर्षभर तरी लागतं. मी मनाशी हिशेब केला. वर्षभरानं पिंपंही तयार होतील. लोक अशा वेळी देवाला नवस बोलतात. मी मनातल्या मनात त्या पिंपांवर सगळं लावून मोकळी झाले. बिअर मुरेल, जीभ परत येईल, अण्णा तिला नावं ठेवतील.

त्या सात आठवड्यांत पिंपांत भर घालायची राहून गेली. पहिल्यानं ते सोसलं. दुसऱ्याच्या एका फळीला बारीक फट होती, त्यातून ते पाझरत राहिलं आणि आत हवा भरली. मी परत कामावर गेले तेव्हा त्याच्या वासानंच डोळे चुरचुरले. मालक म्हणाला, "मॅडम, गटारात सोडा." सोडते सोडते म्हणत मी ते तसंच ठेवलं.

वर्ष सरत आलं. मी दर रविवारी जेवायला आईअण्णांकडे जायची. एका रविवारी अण्णा भाताचा घास घेऊन म्हणाले, "आमटीला गूळ कमी पडलाय." मी पानावरून उठून स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याला टेकून रडले. पुढच्या रविवारी भाजीत मीठ जास्त. त्याच्या पुढच्या रविवारी, "खिरीला वेलदोडा जुना वापरलास." आई "हो हो, मीच वाईट" असं पुटपुटायची. अण्णा परत आले होते. मी आईला विचारलं, थोडं आंबट चालेल का? ती म्हणाली, कोकम घालते हल्ली आमटीत, एखादं. एवढं मला पुरलं.

पहिलं पिंप मी आधी स्वतः चाखलं. पिंपाच्या तोंडाला एक खिळा ठोकलेला असतो, तो उपसला की बारीक धार येते. रंग कोकमाच्या आगळासारखा, उजेडात धरला की काठाशी तांबूस. वासाला आधी पिकलेलं जांभूळ, मग जुनं लाकूड, मग किंचित व्हिनेगर, पण लांबून आल्यासारखं. पहिला घोट जिभेच्या दोन्ही कडा आवळून घेतो. वाटतं, जमणार नाही आपल्याला. मग मधोमध गोडवा उघडतो, काळ्या मनुकांचा, आणि तो गेला की तोंड स्वच्छ कोरडं होतं, आणि पुन्हा हवंसं वाटतं. नऊ वर्षांत माझ्या हातून इतकं चांगलं काही झालं नव्हतं. मी त्या थंड खोलीत एकटी उभी राहून हसत होते आणि मनातल्या मनात अण्णांची यादी तयार करत होते. लाकूड पुढे आलंय. रंगाला काळपटपणा आहे. शेवट फार लवकर तुटतो.

त्यांना तिथेच बोलवायचं ठरवलं. थर्मासातून नेली असती तर तिचा अर्धा जीव रस्त्यातच गेला असता. एका मंगळवारी दुपारी, ब्रुअरीला लागून असलेला बार बंद असताना, आई आणि अण्णा रिक्षानं आले. अण्णांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, तो खांद्यावरून लोंबत होता. आई आत यायला तयार नव्हती. "मी बसते इथेच पंख्याखाली. तुमचं उरका," म्हणून ती रिकाम्या टेबलांमध्ये पिशवी मांडीवर घेऊन बसली. मी अण्णांना पिंपांच्या खोलीत नेलं, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसवलं आणि पायाशी थुंकायला स्टीलचं पातेलं ठेवलं.

त्यांनी बरोबरच्या बाटलीतल्या पाण्यानं चूळ भरली. ग्लास उजेडात धरला. घोट घेतला, घोळवला, डोळे मिटले. नेहमीपेक्षा जास्त वेळ घेतला. मग पातेल्यात थुंकले आणि माझ्याकडे बघून म्हणाले,

"छान झालीय."

मी म्हटलं, "लाकूड जास्त वाटतं का?"

"नाही गं. फार छान झालीय."

हा माणूस असं बोलत नाही. यानं लग्नाच्या मांडवात माझ्या साडीला नाव ठेवलं होतं. तिथेच थांबायला हवं होतं मी. "थँक यू अण्णा" म्हणून ग्लास उचलायला हवा होता आणि त्यांना आईजवळ नेऊन सोडायला हवं होतं. पण मी व्यापाऱ्याची मुलगी. मला खात्री करून घ्यायची होती. मी दुसऱ्या पिंपाचा खिळा उपसला.

तो ग्लास मी त्यांच्या हातात दिला आणि तोंडाकडे बघत राहिले, जसं मार्केट यार्डातले जुने लोक नव्या पारख्याच्या तोंडाकडे बघायचे. मला फक्त त्यांची जीभ दिसत होती. ती ज्या तोंडात होती त्या तोंडाचं काय झालेलं आहे, हे मी सात आठवडे रोज पाहिलं होतं आणि त्या क्षणी साफ विसरले होते. ते व्हिनेगर होतं. कुणाही धडधाकट माणसानं घोटभर घेऊन बोंब मारली असती.

अण्णांनी घोट घेतला. त्यांची मान थोडी मागे गेली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पातेल्याकडे पाहिलं, आणि ते थुंकले नाहीत. गिळलं. मग ग्लासात होतं नव्हतं तेवढं, तीन-चार घोट, सावकाश पिऊन टाकलं. डोळ्यांत पाणी आलं होतं. मला वाटलं, जीभ गेल्याचं दुःख झालं असेल. म्हणजे आता त्यांनाही कळलंय आणि मलाही.

"हीसुद्धा छान," ते म्हणाले. आवाज घोगरा झाला होता. "जाऊ या का? आई वाट बघतेय."

मी त्यांना हात धरून बाहेर आणलं, रिक्षात बसवलं आणि आत जाऊन दुसरं पिंप गटारात सोडलं. त्या रविवारी आईचा फोन आला, येऊ नकोस, आम्हाला एका मुंजीला जायचंय. मलाही बरंच वाटलं. त्यांच्यासमोर कोणत्या तोंडानं बसायचं, हा प्रश्न होता.

पहिल्या पिंपाची बिअर लोकांनी डोक्यावर घेतली. एक मुलगा सुरुवातीला "ब्रो, ये तो लिटरली व्हिनेगर है" म्हणाला आणि नंतर तीन ग्लास प्यायला. मालकानं आणखी चार पिंपं मागवली. मी ती बिअर पुन्हा तोंडाला लावली नाही. अण्णा त्यानंतर साडेचार महिने होते. गाठ फुप्फुसात उतरली होती. शेवटपर्यंत आम्ही त्या दुपारबद्दल एक अक्षर बोललो नाही.

ते गेल्यावर महिन्याभरानं मी आणि आई त्यांचं औषधांचं कपाट आवरत होतो. चूळ भरायच्या औषधाच्या अर्ध्या-अर्ध्या बाटल्या निघाल्या. मी सहज म्हणावं तसं म्हटलं, "आई, अण्णांना शेवटी शेवटी पुन्हा चव कळेनाशी झाली होती, नाही?"

"पुन्हा कुठली? ती आलीच नव्हती." आई बाटल्या पिशवीत टाकत होती. "मीठ की साखर ते ओळखू यायचं नाही त्यांना."

"मग ते रविवारी आमटीला..."

"मी सांगायचे ना. तुझ्या गाडीचा आवाज आला की आत यायचे. आज काय बिघडलंय, विचारायचे. मी सांगायचे, गूळ कमी आहे, मीठ जास्त आहे. तेवढं पानावर म्हणून दाखवायचे. म्हणायचे, पोर तेवढं ऐकायला येते एवढ्या लांबून."

मी खाली बसले. विचारलं, "मग माझ्या बिअरला का नाही नाव ठेवलं? तसंच काहीतरी ठोकून द्यायचं."

"मीही तेच म्हटलं रिक्षात. तर मलाच ओरडले. म्हणाले, आमटी आपल्या घरातली. तिचं पिंप आहे ते. मी उगाच दोष काढला असता, तर तिनं खरा मानून चांगला माल बदलला असता. चव न कळता मालाला नाव ठेवायचं नसतं." आईनं पिशवीला गाठ मारली. "त्यापेक्षा छान म्हटलेलं बरं, म्हणाले. छान म्हटल्यानं कुणाचं काही बिघडत नाही."

मग तिनं पुढचंही सांगितलं, काही विशेष नसल्यासारखं. घरी पोचेपर्यंत त्यांचं तोंड आतून लाल झालं होतं. दुसऱ्या दिवशी फोड आले. चार दिवस पेजसुद्धा गेली नाही, थंड दूध चमच्यानं घालत होती ती. मुंज वगैरे काही नव्हती.

"मला कळवायचं नाही?" मी ओरडले.

"शपथ घातली होती. म्हणाले, ती बिअर आंबटच असते, तिचा काय दोष. वर्षभर वाट बघितली पोरीनं." आई माझ्याजवळ येऊन बसली. तिनं माझा हात मांडीवर घेतला. "एक विचारू? खरं सांग. ते म्हणत होते, पहिला ग्लास तिनं नुसता दिला. पण दुसरा देताना अशी जीव टाकून बघत होती माझ्याकडे, की मला कळलं, हीच तिची मनापासूनची. ती थुंकायची कशी? म्हणून प्यायले म्हणे. जन्मात एकदाच." तिनं डोळे पुसले. "चांगली होती ना गं ती?"

मी हो म्हटलं.